झिजणे आणि झिजवणे

गेल्या दिवाळीत आमचा पुतण्या पुण्याहून इंदूरला आला, तेव्हा त्याच्या खांद्याला एक लांबट काळी पेटी होती. फराळ आटोपल्यावर त्याने ती बैठकीत उघडली. आत इलेक्ट्रिक गिटार होती. ती पाहून आम्हांला त्याची कीवच आली. रंग ठिकठिकाणी उडालेला, कडांचे टवके गेलेले, हात टेकतो तिथले लाकूड उघडे पडलेले आणि स्क्रू गंजलेले.

"जुन्या बाजारातून घेतलीस का रे?" आम्ही विचारले.

"नाही काका, अगदी कोरी आहे. कारखान्यातूनच अशी येते. चकचकीत असते ती याच्यापेक्षा स्वस्त मिळते."

चहा घेऊन आलेल्या आमच्या सौ. दारातच थबकल्या. "म्हणजे विरलेलं लुगडं जास्त पैसे मोजून आणायचं म्हण की!"

सगळे हसले. पुतण्याही हसला. पण त्यानंतर त्याने जे सांगितले ते ऐकून आमचे हसू थोडे ओसरले, कारण त्या गोष्टीचा एक धागा आमच्याच घरात, कोपऱ्यात उभ्या असलेल्या मातोश्रींच्या तानपुऱ्यापर्यंत जाऊन पोचत होता. तो कसा, हे वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम गिटारीविषयी. अमेरिकेतील फेंडर कंपनीची 'स्ट्रॅटोकास्टर' ही प्रसिद्ध गिटार 1954 साली बाजारात आली. त्या काळी अशा वाद्यांना बहुधा नायट्रोसेल्युलोज नावाच्या लॅकरचा हात देत. कापूस किंवा लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ करतात आणि तो द्रावकात विरघळवून फवारतात. द्रावक उडून जातो, मागे पातळ कवच राहते. हे कवच वाळले असे आपण म्हणतो खरे, पण ते पुढेही वर्षानुवर्षे आक्रसत राहते, उजेडाने पिवळे पडते. खालचे लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आकसते. वरच्या ताठर कवचाला ती ओढाताण सोसत नाही आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटते. वादकाचा हात, घाम, कमरेच्या पट्ट्याचे बक्कल, ही सारी आपापल्या जागी रंग उडवीत राहतात. गिब्सन कंपनीच्या 1958 ते 1960 या काळातील काही गिटारींचा लाल रंग उन्हाने इतका विटला की आज त्या मधाच्या रंगाच्या दिसतात.

साठच्या दशकाच्या अखेरीस फेंडर कंपनी पॉलिएस्टरच्या जाड थराकडे वळली. हा थर मोठा चिवट. तो घासून पातळ होत नाही. फार तर आघाताने त्याचा टवका उडतो. म्हणजे वाद्य वर्षानुवर्षे वाजवले तरी ते वाजवणाऱ्याची खूण अंगावर सहसा घेत नाही. मग लोकांना जुन्या, अंग झिजलेल्या वाद्यांची ओढ लागली आणि त्यांच्या किमती चढत गेल्या. 1995 साली फेंडरनेच 'रेलिक' या नावाने मुद्दाम जुन्यासारख्या केलेल्या गिटारी विकायला काढल्या. कारागीर रंग कानशीने आणि पॉलिश कागदाने घासतो, किल्ल्यांचा जुडगा आपटून खड्डे पाडतो, लॅकर एकदम गार करून भेगा आणतो, धातूच्या भागांना आम्लाची वाफ देऊन गंज चढवतो. तीस वर्षांचे वय असे काही दिवसांत अंगावर येते.

हे ऐकून आमच्यातला मास्तर जागा झाला. "अरे, ही तर शुद्ध लबाडी!" आम्ही म्हणालो.

"लबाडी कशी, काका? पावतीवर स्पष्ट लिहिलंय की कोरी आहे. आणि तुम्ही नाही का अहिल्योत्सवाच्या नाटुकलीत चहाच्या पाण्यात कागद बुडवून मोडी खलिते करायचात? मीच वाळत घातलेत ते."

मुद्दा बिनतोड होता. शाळेच्या नाटकात चहाने पिवळा केलेला खलिता किंवा पावडर लावून पिकवलेले केस यांना कोणी खोटे म्हणत नाही, कारण पाहणाऱ्याला ते ठाऊक असते. तोच खलिता वतनाचा पुरावा म्हणून कचेरीत हजर केला तर मात्र गुन्हा होतो. कागद तोच आणि चहाही तोच. फरक पडतो तो आपण समोरच्याला काय सांगतो याने. कोरी गिटार जुनी म्हणून विकणारे महाभाग आहेतच. त्यांना पकडण्यासाठी जाणकार अतिनील दिव्याखाली वाद्य धरतात. जुने नायट्रो लॅकर त्या उजेडात हिरवट झळाळते. पण त्याहून मोठी परीक्षा डोळ्यांची. खरी झीज वादकाच्या शरीराचा नकाशा असते. हात जातो तिथेच ती होते, जात नाही तिथे होत नाही. नकली झीज करणाऱ्याचा हात बहुधा दिसायला शोभेल तिथे जातो.

आणखी एक गोष्ट पुतण्याने सांगितली. आयर्लंडचा रोरी गॅलघर हा गिटारवादक. त्याची 1961 सालची स्ट्रॅटोकास्टर पुढे अशी झाली की तिच्या अंगावर रंग नावालाच उरला. तो घामाने भिजेपर्यंत वाजवी आणि रंग गेला तरी त्याने तो पुन्हा दिला नाही. 1995 साली तो वारला. 2024 साली लंडनच्या लिलावात ती गिटार जवळजवळ नऊ लाख पौंडांना गेली आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. तिच्याबरहुकूम झिजवलेल्या प्रतिकृती फेंडरने विकल्या आहेत. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यभराच्या घामाचा आराखडा इतरांना तयार मिळतो.

येथे आमचे लक्ष तानपुऱ्याकडे गेले.

आमच्या मातोश्री लग्न होऊन इंदूरला आल्या, तेव्हा माहेरचा मिरजेचा तानपुरा बरोबर घेऊन आल्या. मिरजेत हा उद्योग दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून त्याचा आरंभ सांगतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुनाचे लाकूड आणि वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्या लाखेचा हात, ही तेथली रीत. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर किड्यांनी सोडलेला राळेसारखा पदार्थ. तिचे पॉलिश सुंदर दिसते, पण नाजूक असते. घाम, ओल, ऊन सारे त्याला बाधते. हाताखाली ते हळूहळू झिजते.

मातोश्री गल्लीतल्या मुलींना संध्याकाळी गाणे शिकवीत. दांडीवर त्यांचा अंगठा जिथे टेके तिथले पॉलिश जाऊन सुपारीएवढी फिकी जागा झाली होती. त्याच्याजवळ, दांडीच्या कडेला, बारीक आडव्या ओरखड्यांचा एक पट्टा होता. तो त्यांच्या काचेच्या बांगड्यांचा. 1991 साली आमचे वडील गेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे मातोश्रींच्या हातांतल्या बांगड्या उतरल्या. तानपुरा काही दिवसांनी पुन्हा सुरू झाला. अंगठ्याची जागा पुढे आणखी वीस-बावीस वर्षे विस्तारत राहिली. ओरखडे मात्र होते तेवढेच राहिले. हे आमच्या ध्यानात त्या हयात असताना कधी आले नाही.

त्या गेल्या. पुढे 2019 साली आमच्या कन्येचे पहिले जाहीर गाणे ठरले. तानपुरा कळकट दिसतो म्हणून आम्हीच तो एका फर्निचर पॉलिश करणाऱ्याकडे दिला. त्याने इमानेइतबारे काम केले. पॉलिश कागदाने सगळे अंग लाकडापर्यंत घासले आणि वर कपाटाला देतात तसले चकचकीत जाड लॅकर मारले. तानपुरा आरशासारखा होऊन घरी आला. आम्ही खुशीने पैसे दिले. कन्येने तो मांडीवर घेतला, हात नेहमीच्या जागी नेला आणि तशीच थांबली. "बाबा, आजीची जागा कुठे गेली?" तिने विचारले.

आम्हांला उत्तर देता आले नाही. आवाजही दबला होता. पातळ तबलीवर जाड कवच बसले की ती मोकळेपणी थरारत नाही. त्या दिवशी कन्या उसना तानपुरा घेऊन गायली. दोष पॉलिशवाल्याचा नव्हता. त्याने सांगितले तेच केले होते. सांगणारे आम्ही होतो.

ही हकीकत पुतण्याला ठाऊक होती. रात्री जेवणे झाल्यावर तो हळूच म्हणाला, "काका, आजीचा तानपुरा घेतलेला मोठा फोटो आहे ना? त्यावरून मी त्या खुणा परत करून देऊ शकतो. अंगठ्याची जागा, बांगड्यांच्या रेघासुद्धा. कुणाला ओळखता येणार नाही."

वाचकहो, आम्ही लगेच नाही म्हणालो असे लिहायला आवडले असते. पण ते खरे नाही. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. ती जागा पुन्हा दिसेल, या विचाराने जीव लोभावला होता. पहाटे उठून आम्ही तानपुऱ्याजवळ बसलो आणि मनात आले, की कुणाला ओळखता येणार नाही हे खरे. पण आम्हांला येईल. त्या ओरखड्यांचा थांबण्याचा एक दिवस होता. तो पुतण्याच्या कानशीला कसा सापडणार? तो प्रेमानेच करणार होता. त्याच्या स्वतःच्या गिटारीबद्दल आमची आता तक्रार नाही. ती कोणाची आठवण असल्याचा दावा करीत नाही. येथे मात्र आम्ही आमच्या चुकीवर पडदा टाकायला निघालो होतो.

सकाळी आम्ही त्याला तसे सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग काका, निदान हे लॅकर तरी काढा. याच्यावर कधीच कुणाची जागा होणार नाही."

हे मात्र आम्हांला सुचले नव्हते. पौषात तानपुरा मिरजेला नेला. कारागिराने ते कवच बेताबेताने उतरवले, पुन्हा चपड्याचा पातळ हात दिला आणि घोडीची जवारी नव्याने काढली. तारांनी घोडीच्या पृष्ठभागावर बारीक चऱ्या पाडल्या होत्या. त्या तशाच राहिल्या तर स्वर बोलत नाही, म्हणून त्याने त्या घासून सपाट केल्या. आम्ही विचारले, "ही झीज तुम्ही काढता, आणि दांडीवरची?" तो म्हणाला, "ही वाद्याला बाधते, म्हणून काढायची. ती बाधत नाही. तिला आम्ही हात लावत नाही." इतके साधे सूत्र आम्ही 2019 साली कोणाला तरी विचारले असते, तर बरे झाले असते.

आता तानपुरा पुन्हा बैठकीच्या कोपऱ्यात आहे. कन्या रोज सकाळी तासभर बसते. परवा कवाडातून ऊन दांडीवर पडले होते, तेव्हा तिचा हात टेकतो तिथली झिलई किंचित मंदावल्यासारखी वाटली. ती जागा आजीच्या जागेवर नाही. बोटभर खाली आहे. कन्येचा हात लहान आहे. आमच्या सौ. फडके घेऊन पुसायला आल्या होत्या. आम्ही त्यांना म्हटले, भोपळा पुसा, खुंट्या पुसा, तेवढी जागा राहू द्या.