कंपवात आणि व्यंगचित्रकाराचा हात

व्यंगचित्रकाराचे पोट बोटांवर चालते. एका फटकाऱ्यात नाक, दुसऱ्यात राग. त्याच बोटांवरचा ताबा सुटू लागला तर काय होईल? अमेरिकेतील अलास्का राज्यात 'अँकरेज डेली न्यूज' या वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे काढणारे पीटर डनलॅप-शोल यांना २००२ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, पार्किन्सन्सचे निदान झाले. याच आजाराला आपण कंपवात म्हणतो. त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही, उलट स्वतःच्या आजारावरच चित्रकथा रचली. 'माय डीजनरेशन' हे ते पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. नावात 'माय जनरेशन' या जुन्या रॉक गाण्यावरची कोटी आहे आणि मेंदूतील पेशींच्या ऱ्हासाचा उल्लेखही.

हा आजार बहुधा साठीनंतर दिसतो. पण पन्नाशीच्या आतही होऊ शकतो, म्हणून 'एवढ्या लहान वयात कसा असेल?' असे म्हणून तपासणी टाळू नका.

नेमके काय बिघडते?

मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सहज आणि पुरेशी मोठी ठेवणे यासाठी ते लागते. या पेशी हळूहळू नष्ट होतात आणि लक्षणे दिसेपर्यंत बऱ्याचशा गेलेल्या असतात. मग हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात स्वस्थ असताना थरथरतो. कंप सगळ्यांनाच नसतो, नाव जरी कंपवात असले तरी! शर्टाची बटणे लावायला वेळ लागणे, चालताना एक हात न हलणे, अक्षर बारीक होत जाणे ही सुरुवातीची चिन्हे असू शकतात. रुग्णाला चार ओळी लिहायला सांगितल्या की पहिली ओळ ठीक असते आणि शेवटची मुंगीएवढी होते. चित्रकाराच्या बाबतीत याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणखी एक लक्षण घरच्यांनी जरूर समजून घ्यावे. चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, त्यामुळे हावभाव कमी होतात. मग 'बाबा हल्ली बोलतच नाहीत, सारखे रागावलेले असतात' अशी तक्रार येते. ते रागावलेले नसतात, राग किंवा आनंद चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही एवढेच. चित्रकथेचे माध्यम इथे उपयोगी पडते असे मला वाटते. ज्याचा चेहरा बोलत नाही, तो माणूस कागदावरच्या चेहऱ्याला हवे तसे बोलायला लावू शकतो.

औषधाचे चढउतार

लेव्होडोपा हे औषध मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. सुरुवातीची काही वर्षे गुण छान येतो. पुढे एका गोळीचा असर पुढची गोळी घेण्याआधीच ओसरू लागतो. एकच माणूस सकाळी दहाला बाजारात जाऊन येतो आणि बाराला त्याला खुर्चीतून उठता येत नाही. शेजाऱ्यांना हे ढोंग वाटते, कधीकधी घरच्यांनाही. ते ढोंग नाही. काहींना गोळीचा असर जास्त असताना अंग नकळत वळवळण्याचा त्रासही होतो.

डॉक्टर तुम्हाला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे पाहतात, तेही बहुधा गोळी लागू असताना. म्हणून दिवसाचे चित्र काढून आणा. वहीच्या पानावर दिवसाच्या चोवीस तासांचे चोवीस चौकोन आखा. हालचाल ठीक असेल तिथे उभा माणूस, अडखळत असेल तिथे बसलेला, वळवळ होत असेल तिथे नागमोडी रेघ. गोळीची आणि जेवणाची वेळ टिपा. हात चालत नसेल तर नातवंडांना काढू द्या. तीन दिवसांची अशी पाने पाहून औषधाच्या वेळा बदलणे सोपे जाते. जेवणाची वेळ का? कारण डाळी, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिनांमुळे काहींमध्ये या औषधाचे शोषण कमी होते. आहार मात्र स्वतःहून तोडू नका आणि औषध एकदम बंद तर कधीच करू नका.

डनलॅप-शोल यांनी पुढे मेंदूतील शस्त्रक्रियाही करून घेतली. तिला डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात. मेंदूच्या ठरावीक भागात बारीक तारा बसवून, छातीच्या त्वचेखालील यंत्रातून सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो. कंप, ताठरपणा आणि औषधाचे चढउतार यांत फरक पडतो. आजार बरा होत नाही. बोलणे आणि तोल यांत फारसा फायदा होईलच असे नाही, आणि प्रत्येक रुग्ण या शस्त्रक्रियेसाठी योग्य नसतो.

खचलेपणाबद्दल

उदासी या आजारात फार आढळते. निदानाचा धक्का हे त्याचे एक कारण, पण मेंदूतील रासायनिक बदल हेही कारण असते. म्हणून 'मन खंबीर ठेवा' एवढ्यावर भागत नाही, तिला वेगळे उपचार लागतात आणि ते उपलब्ध आहेत. झोप उडणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे यांपैकी काही असेल तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. 'टेली मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते, फोन रुग्णाने करावा किंवा घरच्यांनी.