भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोणते गणित निवडावे?

बारावीनंतर भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करू इच्छिणाऱ्या मुलांचे पालक हल्ली आम्हाला हमखास विचारतात, "सोबत गणित घ्यायलाच हवे का? एखादा स्कोअरिंग विषय घेतला तर टक्केवारी चांगली राहील."

पूर्वी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. आपल्या मध्य प्रदेशात बी.एस्सी.ला भौतिक, रसायन आणि गणित हे तीन विषय बरोबरीने घेण्याची रीत होती. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार २०२१ साली मुख्य विषय आणि गौण विषय अशी रचना आली. निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण पहिल्या वर्षी सोडलेले गणित तिसऱ्या वर्षी वाट अडवते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणून आमचे उत्तर असे की गणित घ्यावेच, आणि त्यातले कोणते, कोणत्या वर्षी, हे भौतिकशास्त्राच्या अभ्यासक्रमाकडे पाहून ठरवावे.

काही विद्यार्थी म्हणतात, "भौतिकशास्त्रातच गणितीय भौतिकीचा पेपर असतो, मग वेगळे गणित कशाला?" त्या पेपरात बरीच साधने थोड्या वेळात हाताळायला शिकवतात. ती वापरता येतात, पण का चालतात आणि कुठे चालत नाहीत, हे समजायला सवड मिळत नाही. ती समज गणिताच्या वर्गात येते.

पहिले वर्ष

सुरुवात कलनशास्त्राने करावी. बारावीत एका चलाचे कलन झालेले असते. आता अनेक चलांचे आणि सदिशांचे कलन शिकावे. विद्युतचुंबकत्वाचे सारे नियम याच भाषेत लिहिलेले आहेत. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल ही तीन नावे ज्याला परकी वाटतात, त्याला मॅक्सवेलची समीकरणे नुसती पाठ करावी लागतात.

त्याच्या जोडीला विकलक समीकरणे हवीत. एखादी राशी जितकी शिल्लक आहे त्या प्रमाणात ती घटत जाते, एवढे एकच विधान घ्या. किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास आणि कपॅसिटरमधून वाहून जाणारा विद्युतभार, या दोन्ही घटना त्या एकाच समीकरणात बसतात. एकदा ते सोडवता आले की दोन धडे एकदम कळतात.

दुसरे वर्ष

या वर्षी रेषीय बीजगणित, म्हणजे लिनिअर अल्जेब्रा, चुकवू नये. हा विषय नुसता मॅट्रिक्सच्या गुणाकारांचा वाटतो आणि म्हणून पुष्कळजण तो सोडतात. त्याचे महत्त्व घरीच पाहता येईल. दोन खुर्च्यांमध्ये थोडी सैल दोरी बांधा आणि तिला सारख्या लांबीचे दोन लंबक टांगा. एकाला झोका द्या. थोड्या वेळाने तो मंदावतो आणि दुसरा झुलू लागतो; पुढे पुन्हा पहिला. ही गुंतागुंतीची हालचाल खरे तर दोन साध्या हालचालींची बेरीज असते: एक, दोघे एकाच दिशेने झुलण्याची, दुसरी, विरुद्ध दिशांनी झुलण्याची. अशा मूळच्या साध्या हालचाली शोधून काढण्याची रीत रेषीय बीजगणितात आहे. तिलाच आयगनव्हॅल्यूचा प्रश्न म्हणतात. पुढे पुंजयांत्रिकीत अणूच्या ऊर्जापातळ्या काढताना हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. म्हणून पुंजयांत्रिकी सुरू होण्यापूर्वीच हे गणित झालेले असावे.

१९२५ साली हायझेनबर्गने पुंजयांत्रिकीची नवी मांडणी केली, तेव्हा त्याला मॅट्रिक्स ठाऊक नव्हत्या. त्याने वापरलेला विचित्र गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचाच गुणाकार आहे, हे मॅक्स बॉर्नने ओळखले, कारण बॉर्न ते विद्यार्थीदशेत शिकला होता. आइन्स्टाइनलाही गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तासाठी लागणारी भूमिती १९१२ नंतर आपला वर्गमित्र मार्सेल ग्रॉसमन याच्या मदतीने शिकावी लागली. एवढ्या थोरांनाही गणितासाठी मागे वळावे लागले. आपल्या मुलांनी ते वेळेवर शिकून घेतलेले बरे.

तिसरे वर्ष आणि पुढे

येथून वाटा वेगळ्या होतात. प्रयोगाकडे ओढा असणाऱ्याने संभाव्यता व संख्याशास्त्र, फूरिए विश्लेषण आणि संगणकावरील संख्यात्मक पद्धती घ्याव्यात. एकाच मोजमापाची शंभर स्वतंत्र वाचने घेतली तर सरासरीतली यादृच्छिक चूक एका वाचनाच्या मानाने दहावा हिस्सा उरते, शंभरावा नव्हे. हे का, ते संख्याशास्त्र सांगते. आपल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसर आणि त्वरकांवर काम चालते. अशा ठिकाणी मोजमापांतून अर्थ काढायला हेच गणित लागते.

सैद्धान्तिक भौतिकशास्त्राकडे जाणाऱ्याने संमिश्र चलांचे विश्लेषण आणि गटसिद्धान्त घ्यावा. शिवाय वास्तव विश्लेषणाचा, म्हणजे रिअल ॲनॅलिसिसचा, निदान एक पेपर घ्यावा. त्यात गणिते कमी आणि सिद्धता जास्त असतात. आधी गुण थोडे कमी पडतील, पण काटेकोर विचाराची सवय जन्मभर पुरते. संख्याशास्त्र आणि अंकसिद्धान्त हे दोन वेगळे विषय आहेत, नावावरून गोंधळू नये. अंकसिद्धान्त सुंदर विषय आहे, पण वेळ कमी असेल तर तो मागे ठेवायला हरकत नाही.

एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेत भौतिकशास्त्राच्या पेपरातच सदिश कलन, विकलक समीकरणे आणि मॅट्रिक्स विचारतात. सीएसआयआर-नेटमध्ये तर आयगनव्हॅल्यू, संमिश्र विश्लेषण आणि संभाव्यताही येतात. म्हणजे जो विषय गुणांच्या भीतीने सोडला, त्याचेच गुण पुढे मोजले जातात.

भाषेची अडचण

मराठीत ज्याला विकलन आणि संकलन म्हणतात, त्याला हिंदी पुस्तकांत अवकलन आणि समाकलन म्हणतात, आणि विद्यापीठात गेल्यावर डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन ऐकू येते. आम्ही स्वतः पदवी हिंदी माध्यमातून घेतली असल्याने ही तारांबळ जाणतो. मुलांनी एका वहीत तिन्ही नावे समोरासमोर लिहून ठेवावीत. महिनाभरात भीती जाते. अडले तर एनपीटीईएलची व्याख्याने इंटरनेटवर विनामूल्य ऐकता येतात.

पालकांना विनंती की प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाकडून दोन्ही विषयांचे पूर्ण अभ्यासक्रम मागून घ्यावेत आणि शेजारी ठेवून वाचावेत, कारण पेपरांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. विश्वस्त मंडळास सुचवावेसे वाटते की रेषीय बीजगणित आणि सदिश कलनाची दोन-तीन चांगली पुस्तके शाळेच्या वाचनालयात घ्यावीत. माजी विद्यार्थ्यांनाही ती उपयोगी पडतील. आणि दहावी-अकरावीच्या मुलांना एवढेच सांगणे की भौतिकशास्त्र आवडत असेल तर गणिताशी आतापासूनच मैत्री ठेवा.