कोडात राहून गेलेली गुपिते

बँकेचे ॲप असो वा मोटारीला जोडलेली इंटरनेट सेवा, आजची कोणतीही संगणकप्रणाली पडद्याआड इतर अनेक प्रणालींशी देवाणघेवाण करीत असते आणि त्या प्रत्येक ठिकाणी तिला आपली ओळख पटवून द्यावी लागते. त्यासाठी लागणारे डेटाबेसचे पासवर्ड, दुसऱ्या कंपनीची सेवा वापरण्याची परवानगी देणाऱ्या ‘एपीआय की’ आणि ठरावीक अधिकार देणारी टोकन यांना सुरक्षाक्षेत्रात एकत्रितपणे ‘सीक्रेट’, म्हणजे गुपिते, असे म्हणतात. ती कोडपासून वेगळी ठेवावीत हा नियम प्रत्येक प्रोग्रामरला ठाऊक असतो. तरीही चाचणीपुरती म्हणून फाइलीत लिहिलेली की तिथेच राहून जाते आणि त्या फाइलीबरोबर रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामायिक भांडारात, दाखल होते.

अशा चुकीची किंमत टोयोटा या जपानी कंपनीच्या उदाहरणातून दिसते. तिच्या मोटारींना इंटरनेटने जोडणाऱ्या ‘टी-कनेक्ट’ सेवेच्या संकेतस्थळाचे काम करणाऱ्या कंत्राटदाराने डिसेंबर २०१७मध्ये कोडचा काही भाग गिटहब या रिपॉझिटरी ठेवण्याच्या संकेतस्थळावर चुकून सार्वजनिक ठेवला आणि त्यात ग्राहकांच्या डेटा सर्व्हरची किल्लीही होती. ही गोष्ट सप्टेंबर २०२२मध्ये लक्षात येईपर्यंत २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक उघडे पडण्याचा धोका कायम राहिला. हा प्रकार अपवादात्मकही नव्हता, कारण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गिटहबवरील एक लाखाहून अधिक रिपॉझिटरींमध्ये अशी गुपिते आढळली होती.

ही समस्या चिवट होण्याचे कारण ‘गिट’ या प्रणालीच्या रचनेतच आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ही प्रणाली कोडमधील प्रत्येक नोंदवलेला बदल, ज्याला ‘कमिट’ म्हणतात, इतिहासात जपून ठेवते. त्यामुळे आज फाइलीतून पासवर्ड पुसला, तरी तो पुसल्याची नोंद नवी आणि पासवर्ड असलेली नोंद जुनी, अशा दोन्ही शिल्लक राहतात. म्हणूनच गुपिते शोधणाऱ्या साधनांना सध्याच्या फाइलींबरोबर हा सगळा इतिहासही तपासावा लागतो, आणि गिटलीक्स व ट्रफलहॉग ही मुक्त साधने नेमके हेच काम करतात.

शोधाची पहिली पद्धत साच्याची आहे. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची दीर्घकालीन ‘ॲक्सेस की’ ए, के, आय, ए या चार अक्षरांनी सुरू होते आणि तिची लांबी वीस अक्षरांची असते. गिटहबनेही २०२१ साली आपल्या टोकनांना ठरावीक उपसर्ग दिले आणि शेवटच्या सहा अक्षरांत पडताळणीची बेरीज गुंफली. अशा खुणा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’मध्ये, म्हणजे मजकुरातील साचा वर्णन करणाऱ्या सूत्रात, मांडल्या की साधन लाखो ओळींतून जुळणारा मजकूर वेगळा काढते. मात्र ज्या गुपितांना असा ठरावीक आकार नसतो, त्यांच्यापुढे ही पद्धत निरुपयोगी ठरते.

तिथे एन्ट्रॉपीचा आधार घेतला जातो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीशास्त्रात मांडलेली ही संकल्पना एखाद्या अक्षरमालेतील अनिश्चितता मोजते: एकच अक्षर वारंवार आले तर तिचे मूल्य शून्य, आणि अक्षरे जितकी यादृच्छिक तितके ते जास्त. यंत्राने बनवलेल्या किल्ल्या यादृच्छिक असल्यामुळे त्या सामान्य कोडमध्ये उठून दिसतात. पण गिटच्या प्रत्येक कमिटचा ओळख-संकेतही तसाच दिसतो, म्हणून खोट्या सूचनांचा पूर येतो, तर माणसाने ठरवलेला सोपा पासवर्ड या चाळणीतून सहज निसटतो. हा गोंधळ कमी करण्यासाठी ट्रफलहॉगसारखी साधने सापडलेली की संबंधित सेवेकडे पाठवून ती अजून चालते का, याची पडताळणी करतात, तर येल्प कंपनीने तयार केलेले ‘डिटेक्ट-सीक्रेट्स’ आधीच्या नोंदींची यादी करून ठेवते आणि पुढे फक्त नव्या सापडलेल्या गोष्टी समोर आणते.

साधन कोणते, यापेक्षा ते कुठे बसवले याला अधिक महत्त्व आहे. प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकावर कमिट होण्याआधीच तपासणी झाली, तर गुपित इतिहासात शिरतच नाही; परंतु ही पायरी कोणालाही वगळता येते, म्हणून कोड सर्व्हरवर पाठवताना दुसरी तपासणी लागते. गिटहबने २०२४ सालापासून सार्वजनिक रिपॉझिटरींसाठी ही अडवणूक मूळ मांडणीतच सुरू केली आहे. याशिवाय, सार्वजनिक कोडमध्ये सहभागी कंपनीचे टोकन आढळल्यास गिटहब त्या कंपनीला कळवते, जेणेकरून ते तिला रद्द करता यावे. ही तत्परता आवश्यक आहे, कारण सार्वजनिक होणाऱ्या नव्या नोंदी आपोआप चाळणारे प्रोग्राम हल्लेखोरांच्याही हाती आहेत.

गुपित सापडल्यावर मात्र साधनाचे काम संपते आणि माणसाचे सुरू होते, आणि नेमकी इथेच सर्वाधिक गफलत होते. ओळ पुसणे, रिपॉझिटरी खाजगी करणे किंवा विशेष आज्ञावलीने इतिहास पुन्हा लिहिणे हे उपाय सुचतात; पण तोवर कोणी प्रत घेतली असेल, तर ती या उपायांनी परत येत नाही. टोयोटाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी तो कोड खाजगी केला, तरी सर्व्हरची किल्ली बदलण्यास १७ सप्टेंबर उजाडला, आणि मधल्या काळात जुन्या किल्लीने कुलूप उघडतच होते. म्हणून एकदा बाहेर पडलेली की फुटलीच असे मानून प्रथम ती रद्द करावी, नवी द्यावी, जुनीचा वापर कोणी केला का हे नोंदींतून तपासावे, आणि इतिहासाची साफसफाई त्यानंतर हाती घ्यावी. ज्या संस्थेत हा क्रम आणि तो पाळणारी व्यक्ती आधीच ठरलेली नाही, तिथे उत्तमातले उत्तम साधनही केवळ दुर्लक्षित इशाऱ्यांची यादी वाढवत राहते.