एका थराचा चुंबक

चाकूर परिसरातल्या ओढ्याची कोरडी वाळू कागदावर पसरा आणि तिच्यावरून लोहचुंबक फिरवा. बारीक काळे कण टोकांना चिकटून ताठ उभे राहतात. त्यांत मुख्यतः मॅग्नेटाइट असते, बेसाल्ट झिजून सुटलेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा या खनिजात पक्की झाली. तीच दिशा दख्खनच्या खडकांत मोजल्यावर कळले, की तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. विजेविना इतका काळ टिकलेली ही नोंद इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ने सांभाळली. या गुणधर्मामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन मुळात एक चिमुकला चुंबकच असतो.

आजची चिप मुख्यतः इलेक्ट्रॉनचा विद्युतभार वापरते. स्पिनच्या दिशेनेही माहिती लिहायची, म्हणजे वीज गेली तरी ती पुसली जाणार नाही, हा स्पिनट्रॉनिक्सचा गाभा. त्यासाठी चुंबक किती पातळ करता येईल?

१९६६ मध्ये मर्मिन आणि वॅग्नर यांनी गणिताने दाखवले, की स्पिनला सगळ्या दिशा सारख्याच असतील, तर द्विमितीय पदार्थात निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला चुंबकत्व टिकत नाही. पण स्फटिकाच्या रचनेमुळेच एखादी दिशा स्पिनला सोयीची ठरली, तर हा अडसर दूर होतो. क्रोमियम ट्रायआयोडाइड या अर्धवाहकात थराला लंब असलेली दिशा तशी आहे. २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि एमआयटीच्या संशोधकांनी चिकटपट्टीने त्याचे थर सोलले. शेवटचा एकच थर उरला, तरी तो चुंबकच होता! दुहेरी थरात मात्र एकाचे स्पिन वर, दुसऱ्याचे खाली. योग्य चुंबकीय क्षेत्रात ठेवून व्होल्टेज दिले, की ही मांडणी बदलते, हे २०१८ मध्ये दिसले. चुंबक विजेच्या दाबाने वळवता येणे, हेच अर्धवाहकाचे मोल.

अडचण उष्णतेची आहे. मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबकत्व राखते. हा एकेरी थर उणे २२८ अंशांच्या वर ते गमावतो. शिवाय दमट हवेत तो लगेच खराब होतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फोन चालायचा, तर त्यातला पदार्थ अर्धवाहक हवा, त्या उष्णतेत चुंबक राहणारा हवा आणि हवेत टिकणाराही हवा. अशा पदार्थांची पहिली चाळणी संगणकावर होते आणि त्यासाठीचे ‘क्वांटम एस्प्रेसो’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. लातूर-नांदेडच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी या शोधात जरूर उतरावे.