मदत किती करायची, कुठे थांबवायची

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीच्या दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्केवारीचा एक आकडा असतो. ५०, ७५, ९० किंवा थेट १००. ‘आमचा मुलगा पंच्याहत्तर टक्के आहे,’ असं आईवडील सांगतात तेव्हा समोरचा मनातल्या मनात वजाबाकी करून मोकळा होतो: म्हणजे डोकं पंचवीस टक्केच चालतं. पुढचं सगळं वागणं-शिकवणं त्या पंचविसावर बेतलं जातं.

मेंदूचं असं मोजमाप कुणीही केलेलं नसतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही टक्केवारी ‘व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल’ या चाचणीच्या गुणांवरून काढायला सांगितलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथे एडगर डॉल यांनी ती १९३५ साली तयार केली, आणि तिचं भारतीय रूप नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी केलं. त्यात ८९ बाबी आहेत. हातानं जेवतो का, बटणं लावतो का, आंघोळ स्वतः करतो का, गल्लीत एकटा फिरतो का, दुकानातून वस्तू आणतो का. उत्तरं बहुतेक वेळा आई देते. गुणांक ३६ ते ५४ आला की ७५ टक्के, ५५ ते ६९ आला की ५० टक्के. (ऑटिझमसाठी चाचणी निराळी असते.)

म्हणजे इथे मोजलं जातं ते आज घरात तो काय काय करतो एवढंच. बाविसाव्या वर्षीही ज्याला आई घास भरवते, त्याचे जेवणाचे गुण जाणारच. त्याला जमत नाही म्हणून गेले की कुणी ताट त्याच्या हाती दिलंच नाही म्हणून गेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. प्रमाणपत्रावर थोडे आपणही असतो. सरकारी योजनांसाठी ते प्रमाणपत्र जपून ठेवावं. शिकवणं मात्र त्यावरून ठरवू नये.

‘वय तीस, पण अक्कल सहा वर्षांची’

हे वाक्य शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडीही असतं. मानसिक वय हे चाचणीतल्या गुणांचं एक रूपांतर आहे. तीस वर्षांच्या माणसाला बेरीज सहा वर्षांच्या मुलाइतकी येत असेल, पण त्यानं तीस पावसाळे पाहिलेले असतात, घरातली लग्नं आणि मयतं पाहिलेली असतात, कोणता काका खरा आणि कोणता तोंडदेखला हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आणि शरीर तिशीचंच असतं. त्याच्याशी बोबडं बोलणं, त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल ‘हा ना’ करून बोलणं, न्हाणीघराचं दार उघडंच ठेवायला लावणं, हे सगळं त्या सहा वर्षांच्या हिशेबातून येतं.

या हिशेबाची सर्वांत कठोर किंमत मुलींनी मोजली आहे. १९९४ साली शिरूरच्या शासकीय गृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण पुढे केलं गेलं. महिला संघटनांनी मोठा आवाज उठवला, तरी ‘त्यात वाईट काय, सुटल्याच की बिचाऱ्या’ असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही खासगीत भेटतात.

पाळी सांभाळणं शिकवता येतं. पॅड कुठे लावायचा याची खूण अंतर्वस्त्रावर रंगीत दोऱ्यानं शिवून ठेवता येते. पॅड कधी बदलायचा हे ‘खराब झाल्यावर’ असं न सांगता उठल्यावर, जेवणाआधी, संध्याकाळी आणि झोपताना असं दिनक्रमाला बांधून देता येतं. पाळी यायच्या आधीपासून सराव करून घेता येतो. ज्यांना हे जमत नाही त्यांना मदत लागते, शस्त्रक्रिया नाही. आणि अत्याचाराची भीती म्हणाल, तर गर्भाशय काढल्यानं अत्याचार थांबत नाही. फक्त तो उघडकीला येण्याची एक वाट बंद होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं चंदीगडमधल्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका सज्ञान तरुणीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती हवी. अत्याचारातून गर्भ राहिलेला होता, तिला तो ठेवायचा होता, आणि तिचा नकार न्यायालयानं मानला.

‘हजारदा सांगितलं, पण डोक्यात शिरत नाही’

सांगणं हीच बहुतेक वेळा अडचण असते. ‘दात घास’ हा आपल्या लेखी एक हुकूम आहे. विशेष शिक्षक त्याच कामाचे पंधरा-वीस टप्पे लिहून काढतात: ब्रश उचल, नळ उघड, ब्रश ओला कर, नळ बंद कर, पेस्टचं झाकण काढ. याला ते टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात. असा कागद केला की कळतं, मुलाला वीसपैकी सोळा टप्पे येतात आणि गाडी चारांवरच अडते. झाकण फिरवून काढणं जमत नसेल तर टिचकीनं उघडणाऱ्या झाकणाची पेस्ट आणली की प्रश्न मिटतो. त्याला वर्षभर झाकण फिरवायला शिकवत बसण्यात काही पुण्य नाही.

शिकवायची सुरुवात पहिल्या टप्प्यापासूनच व्हायला हवी असंही नाही. टी-शर्टचं घ्या. डोकं आणि दोन्ही हात आई घालून देते, पोटावरून खाली ओढणं तेवढं मुलानं करायचं. ते जमलं की एक हात त्याचा, मग दोन्ही. शेवटाकडून मागे मागे येत गेलं की काम पूर्ण केल्याचा आनंद रोज त्याच्याच वाट्याला येतो. पहिल्या टप्प्यापासून शिकवताना मात्र तो मध्येच अडकतो, आई घाईत उरलेलं उरकते आणि ‘नाही जमलं’ एवढंच दोघांच्या लक्षात राहतं.

मदतीच्याही पायऱ्या असतात. हातावर हात धरून करून घेणं, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटानं दाखवणं, मग एखादा शब्द, मग काहीच नाही. आपल्याला वाटतं, तोंडानं सांगणं ही सगळ्यांत हलकी मदत. प्रत्यक्षात तिची सवय सुटता सुटत नाही. हात काढून घेता येतो, ‘आता साबण... आता पाणी... आता पूस’ ही आकाशवाणी मात्र आयुष्यभर चालू राहते आणि ती बंद पडली की माणूस टॉवेल हातात घेऊन उभा. म्हणून शब्दांऐवजी भिंतीवर चित्रांची पट्टी लावावी. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९७२ पासून चाललेल्या ‘टीच’ या ऑटिझमविषयक कार्यक्रमानं अशा चित्रमय दिनक्रमाचा जगभर प्रसार केला. चित्र तिथंच राहतं, चिडत नाही, आणि ते पाहून काम करणारा माणूस कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो. आपण नाही का फोनवर गजर लावत?

यातला सगळ्यांत अवघड भाग मोठ्यांनी शिकायचा आहे: थांबणं. सूचना दिल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. ऐकलेलं समजायला आणि हात हलवायला त्याला तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला पुन्हा सांगतो, तेही निराळ्या शब्दांत, आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सकाळी सातची शाळेची गाडी गाठायची असते हे खरं. मग ज्या कामाला घाई नाही असं एकच काम निवडा, संध्याकाळचा चहा म्हणा. इंडक्शनची शेगडी, पातेल्याच्या आत पाण्यासाठी ओरखड्याची एक खूण, साखरेच्या आणि चहापुडीच्या डब्यांत एकाच मापाचा चमचा. या सोयी फसवणूक नाहीत. साक्षरांनीही कुकरच्या शिट्ट्याच मोजायच्या असतात.

तसाच एक गैरसमज बोलण्याबद्दल. चित्रं किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप दिलं तर मूल बोलायचा आळस करील, या भीतीनं कित्येक घरांत मुलाला तहान लागल्याचंही सांगता येत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांच्या एका आढाव्यात, अशी साधनं वापरणाऱ्यांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं आढळलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांतून बोलणारं अ‍ॅप मराठीतही आहे.

‘एकट्याला बाहेर पाठवणं म्हणजे बेजबाबदारपणा’

रॉबर्ट पर्स्की या अमेरिकन लेखकानं १९७२ साली मांडलं, की जोखीम घेऊ देणं हाही सन्मानाचाच भाग आहे. ती पूर्णपणे काढून घेतली की माणसाची वाढच थांबते. आपल्याकडे हे पटवणं कठीण, कारण रस्त्यावरची भीती खरी आहे. म्हणून कुणी एका दिवसात मोकळं सोडत नाही. आधी बरोबर चालायचं, मग दहा पावलं मागून, मग दुकानदाराला सांगून ठेवून समोरच्या फुटपाथवरून पाहायचं, आणि रस्ता चुकल्यावर काय करायचं याचा सराव मुद्दाम रस्ता चुकवून करायचा. खिशात पत्त्याचं कार्ड असतंच.

व्यवस्था मात्र कधी कधी उलट्या दिशेनं ढकलते. रेल्वेची भाड्यातली सवलत ‘सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या’ बौद्धिक दिव्यांगाला मिळते. एकट्यानं प्रवास शिकलात तर सवलत गेली!

पैशांचंही असंच घाबरून सोडून दिलेलं असतं. सुटे मोजता आले नाहीत तरी व्यवहार जमतो. ३७ रुपये म्हटले की दहाच्या चार नोटा द्यायच्या, उरलेले परत घ्यायचे. ‘वरची एक दहाची’ हा नियम पाठ झाला की बेरीज-वजाबाकीवाचून दुकान होतं. क्यूआर कोडमुळे सुट्यांची कटकट संपली, पण रक्कम चुकण्याची भीती वाढली. त्यावर २०२४ साली आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय पाहण्याजोगी आहे. त्यात पालकाच्या खात्यातून दुसरी व्यक्ती ठरलेल्या मर्यादेत खर्च करू शकते, किंवा प्रत्येक व्यवहाराला पालकाच्या फोनवरून मंजुरी देता येते. पैसे कशावर खर्च करायचे हे ठरवणारा मुलगाच राहतो. रोज वडापाव खाल्ला तर? त्याच्या वयाचे बाकीचे लोक काय खातात तेही एकदा पाहावं.

‘सही आमचीच चालते’

अठरा वर्षं पूर्ण झाली की बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्तीही कायद्यानं सज्ञान होते आणि आईवडिलांचं पालकत्व आपोआप संपतं. बँकेत किंवा मालमत्तेच्या कामात अडल्यावरच हे बऱ्याच घरांना कळतं. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी या समितीत असतात.

पण पालक नेमला की व्यक्तीचं मत संपलं, हे त्यापुढचं चुकीचं अनुमान. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ‘मर्यादित पालकत्वा’बद्दल बोलतो: विशिष्ट निर्णयापुरतं, विशिष्ट काळापुरतं, आणि दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा अशा रीतीनं. या कायद्यामागे संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांविषयीचा करार आहे, ज्याला भारतानं २००७ साली मान्यता दिली. सगळ्यांनाच पालकत्वाच्या कागदाची गरजही नसते. पर्याय सोप्या भाषेत, चित्रांसह समोर ठेवले आणि वेळ दिला, तर पुष्कळ जण स्वतः ठरवतात.

मतदानाचंही तसंच. नुसत्या प्रमाणपत्रामुळे मतदार यादीतून नाव जात नाही. सक्षम न्यायालयानं व्यक्तीला विकल मनाची ठरवलं असेल तरच जातं. घरात मतदार ओळखपत्रं काढताना त्याचंच तेवढं राहिलेलं असतं.

नोकरीबद्दल थोडक्यात. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांतल्या दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ठेवला आहे. मुंबईत जुहूला २०१८ साली सुरू झालेल्या ‘कॅफे अर्पण’मध्ये बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेले तरुण पदार्थ करतात आणि ग्राहकांना वाढतात. पणत्या आणि कागदी पिशव्यांच्या कार्यशाळा आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांचं मोल मोठं आहे. तरीही पणत्या रंगवायला सगळ्यांनाच आवडतं असं कुणी ठरवलं?

‘आमच्या मागे याचं कसं होणार?’

पालकांच्या बैठकीत कुठल्याही विषयाची गाडी अखेर इथे येते. याच काळजीपोटी पालकांनी एकत्र येऊन वसतिगृहं उभारली; डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ त्यांपैकी एक. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही सज्ञान व्यक्तींच्या निवासाची योजनाही आहे. गैरसमज असा, की संस्था किंवा धाकटा भाऊ ठरला म्हणजे सोय झाली. नवी जागा, नवी माणसं आणि आईवडिलांचं जाणं हे तिन्ही एकाच आठवड्यात अंगावर आलं तर येत असलेल्या कौशल्यांचाही विसर पडतो. म्हणून आईवडील धडधाकट असतानाच मावशीकडे दोन रात्री, मग शिबिरात आठवडा, मग संस्थेत महिनाभर राहून परत येणं, असा सराव लागतो. आणि एक वही लागते. त्यात औषधं, अ‍ॅलर्जी, घाबरल्यावर काय केलं की शांत होतो, चहा किती गोड लागतो हे त्याला विचारून लिहावं. कोणत्या कामात त्याला अजिबात मदत लागत नाही याची यादी सगळ्यांत आधी लिहावी, कारण ती दिली नाही तर नवा माणूस मायेपोटी पहिल्या दिवसापासून सगळंच करून द्यायला लागतो.