बर्फावरील नृत्य आणि एका जोडीचीं बावीस वर्षें



दोंडाईच्यासारख्या गांवच्या माणसानें बर्फावरील नृत्याविषयीं बोलावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हसूं आलें असेल. आमच्या खानदेशांत वैशाखमासीं पारा ४३-४४ अंशांवर जातो, मिरचीच्या बाजारावरून जातांना डोळ्यांतून पाणी येतें, आणि बर्फ म्हटला कीं आम्हांस आठवते ती रसवंतीवाल्याची भुशांत पुरलेली लादी. मग हा विषय मला सुचला कोठून? तर माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें एके सायंकाळीं पडद्यावर एक जोडी बर्फावर नाचतांना पाहिली आणि विचारलें, “आजोबा, हे पडत कसे नाहींत?” तिची आई शेजारींच भाजी निवडीत बसली होती. ती म्हणाली, “मामंजी, पडोत न पडोत, पण चार मिनिटांच्या नाचासाठीं उभा जन्म घालवायचा, ह्यांत मिळवायचें तें काय?” हे दोन प्रश्न घेऊनच आज आपणांपुढें आलों आहें.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर बुटाखालच्या पात्यांत आहे. हें पातें सुमारें ४ मिलिमीटर जाड असतें. त्याचा तळ सपाट नसून मधोमध लांबच लांब उथळ पन्हळ कोरलेली असते. त्यामुळें पात्यास एक धार न राहतां दोन धारा होतात, एक आंतली व एक बाहेरची. नर्तक बहुधा ह्यांपैकीं एकाच धारेवर चालत असतो. धारेवर राहावयाचें म्हणजे त्या बाजूस झुकावयाचें, आणि झुकलें कीं मार्ग आपोआप वळतो. सायकलस्वार वळणावर आंतल्या अंगास कलतो, तसाच हा प्रकार. वेग आहे तोंवर कललेला देह तोल राखतो. वेग सरला कीं तोल जातो. म्हणून हीं माणसें पडूं नयेत यासाठीं थांबत नाहींत, उलट अधिक वेगानें जातात. बर्फाचीही निगा राखावी लागते. तो उणें ३ ते उणें ५ अंशांच्या आसपास ठेवतात. त्याहून फार थंड झाला तर कठीण व ठिसूळ होतो आणि धार त्यांत नीट रुतत नाहीं.

बर्फावर जोडीनें खेळावयाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यांत पुरुष स्त्रीस डोक्यावर उचलतो, दूर फेंकतो, आणि दोघेंही हवेंत उंच उडून गिरक्या घेतात. दुसरा प्रकार म्हणजे आइस डान्स. ह्यांत फेंकणें वर्ज्य, डोक्यावर उचलणें वर्ज्य, उंच उड्याही वर्ज्य. उरतो तो पदन्यास, ताल आणि दोघांचें एकमेकांशीं असलेलें अनुसंधान. पहिला प्रकार मल्लखांबाच्या जवळचा म्हटला, तर दुसरा कथ्थकाच्या जवळचा म्हणावा लागेल. ह्यांतील ट्विझल नांवाची क्रिया फार अवघड. दोघेंही हात सोडून, एकाच पायावर गिरक्या घेत घेत पुढें सरकतात. एकाची गिरकी क्षणभर मागें पडली तरी परीक्षकांच्या ध्यानांत येतें. जागतिक स्पर्धेंत ह्या नृत्यास १९५२ मध्यें आणि ऑलिंपिक सामन्यांत १९७६ मध्यें स्थान मिळालें. आज त्याचे दोन भाग असतात: २ मिनिटें ५० सेकंदांचें तालनृत्य आणि ४ मिनिटांचें मुक्तनृत्य.

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. त्यासाठीं एका जोडीची हकीकत सांगतों. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतांतील टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर हीं दोघें १९९७ सालीं एकत्र नाचूं लागलीं. तेव्हां ती सात वर्षांची आणि तो नऊ वर्षांचा. स्कॉटच्या नात्यांतील एका शिक्षिकेनें ही जोडी जुळविली. टेसा बॅले शिकत असे; पुढें तिनें बर्फाचीच निवड केली. अधिक चांगल्या शिक्षणासाठीं कोवळ्या वयांत दोघांनीं घर सोडलें आणि अमेरिकेंतील मिशिगन येथें सराव मांडला. २००६ सालीं तीं कुमार गटाचीं जगज्जेतीं झालीं.

यश आलें, तसें दुखणेंही आलें. टेसाच्या नडग्यांच्या स्नायूंवर अतिश्रमानें दाब वाढे, रक्त नीट खेळत नसे आणि चालतांनाही वेदना होत. ऑक्टोबर २००८ मध्यें शस्त्रक्रिया करावी लागली. ती अंथरुणास खिळली असतां स्कॉट वाळूच्या पिशव्या घेऊन एकटाच सराव करी. त्या दिवसांत दोघांमधील मनमोकळें बोलणेंही तुटलें होतें, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें. तरीही २०१० च्या व्हँकूव्हर येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. ती वीस वर्षांची होती, तो बावीस वर्षांचा. ह्या नृत्यांत इतक्या लहान वयाचे विजेते त्यापूर्वीं झाले नव्हते.

त्याच सामन्यांत दुसरें आलेलें मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट हें अमेरिकन युगुल आपणांस जवळचें वाटावें असें आहे. त्यांनीं एका फेरीसाठीं भारतीय नृत्य निवडलें होतें. ज्या ‘देवदास’ चित्रपटांत आपल्या माधुरी दीक्षित नाचल्या आहेत, त्यांतील संगीत बर्फावर वाजलें आणि आपल्या हस्तमुद्रा त्या थंड देशांत लोकांनीं कौतुकानें पाहिल्या. विशेष हें कीं दोन्ही जोड्या एकाच रिंगणांत, एकाच गुरूंपाशीं शिकत होत्या! २०१४ सालीं सोची येथें क्रम उलटला: डेव्हिस व व्हाइट पहिले, व्हर्च्यू व मॉयर दुसरे. त्या दरम्यान टेसाच्या पायांवर २०१० मध्यें दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली होती.

एवढ्यावर थांबलीं असतीं तरी कोणी नांवें ठेवलीं नसतीं. पण दोन वर्षांच्या विश्रांतीनंतर तीं मॉंट्रिऑल येथें नव्या गुरूंकडे पुनः शिष्य म्हणून गेलीं. २०१८ सालीं प्यॉंगचँग येथें त्यांचे गुण झाले २०६.०७, दुसऱ्या आलेल्या फ्रेंच जोडीचे २०५.२८. अंतर एका गुणाहूनही कमी! पहिल्या फेरींत फ्रेंच तरुणीच्या पोशाखाचा बंद सुटला नसता तर काय झालें असतें, हें कोण सांगणार? त्या फ्रेंच जोडीनें धीर सोडला नाहीं. २०२२ मध्यें बीजिंग येथें तेंच सुवर्णपदक तिनें जिंकलें. व्हर्च्यू व मॉयर यांनीं २०१९ सालीं स्पर्धेचा निरोप घेतला. बावीस वर्षें झालीं होतीं.

मग मिळालें काय? येथें मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरींत असतां माझ्या वर्गांत धांवण्यांत कोणास न आटपणारी एक मुलगी होती. जिल्ह्याच्या सामन्यांस पाठवूं काय, असें तिच्या वडिलांनीं मला विचारलें. “आधीं शालान्त परीक्षा, मग खेळ,” असें मी मोठ्या अधिकारानें सांगितलें. परीक्षा ती उत्तीर्ण झाली. धांवणें मात्र कायमचें राहिलें. पुढें एकदां बाजारांत भेटली तेव्हां तिनें मला नमस्कार केला आणि सहज म्हणाली, “गुरुजी, मी किती वेगानें धांवले असतें, तें मला कधींच कळलें नाहीं.” त्या वाक्याचें उत्तर माझ्यापाशीं आजही नाहीं.

पालकांस मुलें रिंगणांत लोटा, असें माझें सांगणें नाहीं. सातव्या वर्षीं आरंभ करणारीं बहुतेक मुलें पदकापर्यंत पोंचत नाहींत, आणि नडगीचें दुखणें पदक न मिळणाऱ्यासही सोडीत नाहीं. म्हणून मूल स्वतःच्या ओढीनें जातें कीं आपल्या हौसेनें, हें आधीं पाहावें. विद्येचें दार उघडें ठेवावें. टेसानेंही विद्यापीठांत मानसशास्त्राचा अभ्यास केलाच. पण “मिळणार काय?” एवढ्याच प्रश्नावर मुलाची वाट अडवूं नये. आपल्या शक्तीची सीमा स्वतःच्या पायांनीं जाऊन पाहणें, हेंही एक मिळणेंच आहे.

आमच्याकडे बर्फ नाहीं हें खरें. आपल्या देशांत सिमल्यास १९२० पासून नैसर्गिक बर्फाचें रिंगण आहे, आणि डेहराडून येथें २०११ मध्यें कृत्रिम रिंगण बांधलें गेलें. पण चाकांचे बूट कोठेंही चालतात. २०१० च्या ग्वांगझू येथील आशियाई सामन्यांत अनुपकुमार यामा व अवनी पांचाळ या भारतीय जोडीनें चाकांवरील जोडीच्या कलाकौशल्यांत कांस्यपदक मिळविलें होतें.

हें ऐकून माझ्या नातीनें तसेच बूट मागितले. सूनबाईंनीं थोडा विचार करून संमति दिली. अट एकच, कीं संध्याकाळचे पाढे आधीं म्हणावयाचे. सध्यां आमच्या अंगणांत पाढे फार लौकर संपतात, आणि मग आपटल्याचा आवाज येतो. मी उठून पाहूं लागतों, तोंवर ती पुनः उभी राहिलेली असते.