काळा पट्टा पांढरा का पडतो?

सुरतेच्या कोणत्याही हमरस्त्यावर दहा मिनिटे उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींकडे पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. पाच-सात वर्षे वापरलेल्या गाडीचा रंग अजून चकाकत असतो. परंतु बंपरचा खालचा भाग, चाकांवरील कमानी, आरशांची आवरणे, असे जे काळे प्लॅस्टिक असते, ते राखेसारखे करडे झालेले दिसते. गाडी कितीही धुतली तरी ते तसेच राहते. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. वर्षानुवर्षांच्या काटकसरीतून त्यांपैकी एखादे जुनी गाडी घेते, आणि ती ठेवण्यास छपराची जागा क्वचितच मिळते. त्यांच्या दृष्टीने हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. गाडीची किंमत व पदरचा पैसा यांचाही तो प्रश्न आहे. म्हणून या विटण्याचे कारण काय व त्यावर उपाय कोणता, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

पुष्कळ लोक खाऱ्या वाऱ्याला दोष देतात. डुमस व हजिरा येथील समुद्र जवळ आहे, हे खरे. परंतु मीठ गंजविते ते लोखंडाला. प्लॅस्टिकचा खरा वैरी सूर्यप्रकाश होय. सुरत कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेस, सुमारे 21 अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. त्याच्या प्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. गाडीच्या पत्र्यावरील रंगावर पारदर्शक लेपाचे कवच असते. काळ्या पट्ट्या मात्र बहुधा उघड्याच असतात.

या पट्ट्या बहुतेक करून पॉलिप्रॉपिलीन नावाच्या द्रव्याच्या असतात. इटलीचे रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नात्ता यांनी 1954 मध्ये ते घट्ट व उपयुक्त स्वरूपात बनविले, आणि 1963 मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या द्रव्याचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब माळ. तिच्या एकाआड एका अणूला एक लहानसा फाटा फुटलेला असतो, आणि तेथेच ती दुबळी असते. अतिनील किरणांचा आघात व हवेतील प्राणवायू यांच्या योगाने ती तेथे तुटू लागते. पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर सूक्ष्म भेगा पडतात. बोट फिरविले तर खडूसारखी भुकटी हाती लागते.

परंतु काळी वस्तू पांढरी का दिसावी? खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो. तो कुटला की पूड पांढरी दिसते. साखर बदलत नाही. असंख्य कणांवरून प्रकाश विखुरतो इतकेच. पट्टीवरील भेगाही प्रकाश असाच विखुरतात. उलट, दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की ती काळीभोर दिसते, आणि वाळली की पुन्हा करडी. पाण्याने तिच्या बारीक खळग्या भरतात, म्हणून विखुरणे कमी होते.

पाटीचे हे उदाहरण ध्यानात ठेवले म्हणजे उपायांची परीक्षा करता येते. कोणी पट्ट्यांवर खोबरेल चोळतात, कोणी बाजारातील चमकविणारा द्रव लावतात. पट्टी तत्काळ काळी होते, कारण भेगा तेलाने भरतात. आम्ही एका टाकाऊ पट्टीच्या अर्ध्या भागास खोबरेल लावून ती गच्चीवर ठेवली. पहिल्या दिवशी दोन भागांत रात्र व दिवस यांचे अंतर होते. आठवडाभरात तेलावर धूळ चिकटली, आणि पावसाच्या चार सरींनंतर दोन्ही भाग सारखेच करडे झाले. जुनी गाडी घेताना तिच्या पट्ट्या संशय यावा इतक्या तुकतुकीत असतील, तर कोरड्या फडक्याने घासून पाहावे.

काही कारागीर तप्त हवेचा झोत देतात. वरचा थर वितळून सपाट होतो व काळेपणा परत येतो. परंतु हे प्लॅस्टिक सुमारे 165 अंशांवर वितळते, त्यामुळे हात किंचित चुकला की पट्टी वाकडी होते. शिवाय मूळची दुर्बलता जात नाही. मुलांनी हा प्रयोग मुळीच करू नये. रॉकेल वा पेट्रोल यांनी पुसणेही धोक्याचे आहे. साधा रंग दिला तर तो पापुद्र्यांनी सुटतो, कारण या द्रव्यावर रंग सहसा धरत नाही. त्यासाठी आधी खास अस्तर द्यावे लागते.

त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय म्हणजे सुकून कडक होणारा संरक्षक लेप. प्रथम साबणाच्या पाण्याने व मऊ ब्रशने पट्टी घासावी, भुकटी पूर्ण काढावी, सावलीत नीट वाळवावी आणि मगच पातळ लेप द्यावा. मळावर दिलेला लेप मळाबरोबरच निघून जातो. हा लेपही कायमचा नसतो, काही काळाने पुन्हा द्यावाच लागतो; कारण तुटलेली माळ कोणताही लेप सांधीत नाही.

म्हणून खरा उपाय आधीचा आहे. काळ्या प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली काजळी किरण शोषून घेते; म्हणूनच पाण्याच्या काळ्या नळांत ती दोन-अडीच टक्के घालतात व ते दीर्घकाळ टिकतात. आपल्या हातात काजळी नाही, पण सावली आहे. कडुनिंबाखाली, भिंतीच्या आडोशाला किंवा जाड कापडाखाली गाडी ठेवली, तर पट्टीचे आयुष्य वाढते. सावलीस पैसा लागत नाही. मात्र ती पट्टी काळी असतानाच दिली पाहिजे.